परग्रहावरची विहीर आणि राणीचा पोपट

बाहत्तरच्या दुष्काळात मी कर्जत तालुक्यात एका पाझर तलावाच्या कामावर हजेरी कारकून होतो. बी.एस्सी.ला पदार्थविज्ञानात दोनदा गचकल्यावर नगरच्या घरी वडिलांसमोर बसून जेवणं अवघड झालं होतं, म्हणून मामाने कुठेतरी शब्द टाकून मला तिथं चिकटवलं. काम सोपं होतं. सकाळी हजेरी घ्यायची, अंगठे घ्यायचे आणि मग दिवसभर डोक्यावरून मातीच्या पाट्या वाहणाऱ्या माणसांकडे बाभळीच्या सावलीतून बघत बसायचं. त्यातलं हे बघत बसणं मला जड जायचं. निदान काहीतरी करतोय असं दिसावं म्हणून मी दुपारच्या सुट्टीत मंडळींना वाचून दाखवायला लागलो.

वाचायला माझ्याजवळ एकच मासिक होतं. त्यात विज्ञानकथांची एक मालिका यायची. एक कॅप्टन रॉकेटमधून एका कोरड्या ठणठणीत ग्रहावर उतरतो, सोबत चार माणसं आणि पिण्याचं पाणी थोडंच. मी स्वतः तिचा भक्त होतो. नगरला असताना पोस्टमनची वाट रस्त्याच्या कोपऱ्यावर उभं राहून बघायचो. पण कामावरच्या मंडळींना पहिल्या दोन भागांत काही रस वाटला नाही. चंद्रावर माणूस गेला हेच तिथं अर्ध्यांना मान्य नव्हतं. तिसऱ्या भागात मात्र कॅप्टन पाणी शोधायला लागला आणि भाकरी चावणारी तोंडं थांबली.

माझ्या आयुष्यातली पहिली मोठी चूक इथे झाली. छापील मजकुरात कॅप्टन किरणयंत्र काढतो, जमिनीवर रोखतो आणि अर्ध्या मिनिटात दोनशे फुटांचं भोक पाडतो. ते मी वाचलं. खाली बसलेले आबा उठले, धोतर झटकलं आणि म्हणाले, "चला रं. येडं हाय ते."

आबा म्हणजे विहिरी खोदणारा माणूस. पंचक्रोशीतल्या निम्म्या विहिरींत ते उतरले होते. डाव्या हाताची दोन बोटं एका सुरुंगाने नेली होती. त्या साली नवीन विहीर खोदायला कुणाकडेच काही नव्हतं आणि जुन्यांना पाणी नव्हतं, म्हणून आबा आमच्या तलावावर माती उपसत होते. ते उठले की बाकीचे उठत. माझी सभा डोळ्यांदेखत मोडत होती. मी घाईघाईने पान उलटल्यासारखं केलं आणि म्हणालो, "थांबा आबा, यंत्र बिघडलं. कॅप्टनने पहार घेतली."

आबा बसले.

त्यानंतर पुढचे चार महिने मी अंक डोळ्यांसमोर धरून तोंडाने दुसरंच सांगत होतो. छापलेल्या कथेत हिरवी माणसं, ज्वालामुखी, दोन युद्धं असं बरंच काही होत होतं. माझ्या कथेत फक्त विहीर खणली जात होती. आबा मधूनमधून दुरुस्त्या करायचे. "मुरमात सुरुंग लावला तर कड ढासळंल. सांगा त्याला." मी काय करावं? मी म्हणायचो, "कळवतो लेखकांना." आणि पुढच्या अंकात कॅप्टन मुरमात पहारीनेच उतरायचा. आबांनी हे सगळ्या गावाला सांगितलं. बाजारात सांगितलं. लेकीच्या सासरी जाऊन सांगितलं, की पुण्या-मुंबईकडचा एक लेखक आपल्या सल्ल्यानं विहीर पाडतोय, आणि ती बी चांदणीवर. हे ऐकून व्याही मानाने उठून त्यांचा हात धरायला आले म्हणे. त्या वर्षी आबांना त्यांच्या कामाबद्दल दुसऱ्या कुणी विचारलेलं नव्हतं.

उन्हाळ्याच्या शेवटी पहिलं पर्व संपलं. माझ्या कथेत विहीर नऊ परसांवर गेली होती. परस म्हणजे एक माणूस हात वर करून उभा राहील तेवढी खोली. पहारीचा आवाज बदलला होता आणि तिच्या टोकाला ओला चिखल लागला होता. तिथं मी थांबलो, कारण मासिकही तिथंच थांबलं. पुढचं पर्व दिवाळी अंकापासून.

मधला पावसाळा आला तसा गेला. तलावात साठायला पाणी नव्हतं, पण काम चालू होतं. रोज दुपारी कुणीतरी विचारायचं, "भाऊसाहेब, आला का आपला अंक?" आबा विचारायचे नाहीत. ते फक्त माझ्या पिशवीकडे बघायचे. लागलं का पाणी, एवढंच त्यांना हवं होतं. त्यांच्या दृष्टीने ती त्यांची शेवटची विहीर होती.

अंक आला तो नेमका सुट्टीच्या वेळी, एसटीच्या कंडक्टरच्या हातून. शहाण्या माणसाने तो आधी एकट्याने वाचला असता. मी मात्र लग्नातला आहेर उघडावा तसा सगळ्यांसमोर पुडका फोडला, आणि पान उघडलं तर तिथं चित्र. रंगीत, पानभर, मुकुट घातलेल्या बाईचं. आमच्या कामावर एक मावशी होत्या, पाटी उचलण्यात आणि बोलण्यात बाप्यांना भारी. त्यांनी अंक माझ्या हातातून काढून घेतला.

"ही कोन बया?"

मी अंक परत घेतला आणि वाचलं. आता चित्र समोर असताना दुसरं सांगणं शक्य नव्हतं. पहिलंच वाक्य होतं, 'तीन वर्षे उलटली.' त्या कोरड्या ग्रहावर आता संगमरवरी महाल होता. महालापुढे कारंजं. कॅप्टनने जांभळा झगा घातला होता आणि तो राणीबरोबर बॅडमिंटन खेळत होता. राणीच्या खांद्यावर एक पोपट होता, तो गुण मोजत होता. खेळ झाल्यावर दोघांनी बर्फ घातलेलं लिंबाचं सरबत घेतलं आणि राणी गुलाबपाण्याच्या हौदात उतरली. मग पोपटाने गाणं म्हटलं. पाच कडवी. बरोबर आलेले ते चार सोबती कुठे गेले, कुणाला ठाऊक नाही. भाग संपला तेव्हा कॅप्टन पोपटाच्या वाढदिवसाची तयारी करत होता.

मी अंक मिटून खाली ठेवला. समोर दुष्काळी कामावर वाटतात त्या सुकडीचं पातेलं होतं, त्यावर माशा बसत होत्या.

"हौदात?" मावशी म्हणाल्या. "आख्खा हौद?"

"गुलाबपाण्याचा," मी म्हणालो.

"आमी तीन मैलावरनं हंडा आनतो आन ही भवानी हौदात बुडती."

"पन पानी आलं कुठनं?" मागून कुणीतरी विचारलं.

"टँकर लागला आसंल."

"चांदणीवर?"

"मंग पोपटानं आनलं आसंल चोचीतनं."

कुणी हसलं नाही. एवढं सगळं हसण्यासारखं होतं आणि कुणी हसलं नाही, यावरून काय ते समजा. एकाने खाली थुंकून वर माती लोटली. मावशींनी तो अंक दोन बोटांत उचलून माझ्याकडे परत दिला, मेलेला उंदीर शेपटीने धरतात तसा. महिनोन्महिने जीव टांगणीला लावलेला, आणि हा माणूस पोपट घेऊन येतो. मला सर्वांत जास्त राग कशाचा आला असेल तर याचा, की लेखकाने आपली एवढी चांगली विहीर वाऱ्यावर सोडून दिली. ती विहीर त्या लेखकाने कधी पाहिलीच नव्हती हे त्या क्षणी मी शपथेवर विसरलो होतो.

आबा पुढे सरकले आणि म्हणाले, "भाऊसाहेब, कागद घ्या. लिवा त्याला."

तेव्हासुद्धा मी सावध व्हायला हवं होतं. पण मी इतका तापलो होतो की कागद घेऊन तयार. आबांनी सांगितलं ते असं: "तुमी शिकलेली मान्सं. नऊ परस खोदाई झाली, पहारीला वल लागली, तितनं तुमी उठून नाचायला गेला. विहिरीला पानी लागलं का न्हाई हे सांगनं तुमचं काम हाय. लागलं न्हाई तरी सांगा. आमी काय रडनार न्हाई. पन आर्धी विहीर उघडी टाकून जानाऱ्या मान्साला आमच्यात कुनी दारात उभा करत न्हाई."

खाली मी माझ्याकडून दोन जळजळीत वाक्यं पोपटावर घातली. मग हजेरीचं शाईचं पॅड काढलं आणि सगळ्यांनी अंगठे उठवले. मावशींनी दोनदा उठवला, एक राणीसाठी म्हणून.

शाई वाळेपर्यंत माझं डोकं थंड झालं आणि ही विहीर मासिकात कुठेच नाही हे आठवलं. पत्र कुठेतरी हरवायचं मी ठरवलं. म्हणालो, "टाकतो मी पेटीत."

"ऱ्हाऊ द्या," आबा म्हणाले. "मला कर्जतला बाजाराला जायचं हाय. माज्या हातानं टाकतो."

त्यांनी पत्र टोपीत घातलं, टोपी डोक्यावर घातली आणि निघाले.

पुढचे तीन आठवडे मी स्वतःची समजूत घालत होतो. मासिकवाल्यांना अशी शेकडो पत्रं येत असतील. अंगठे बघूनच बाजूला टाकतील. मला एवढंही सुचलं नाही की इतके अंगठे असलेलं पत्र त्यांना आयुष्यात पहिल्यांदा आलं असेल. उत्तर आलं, आणि ते पोस्टकार्डावर आलं. आमच्या भागात पोस्टकार्ड वाचून दाखवणं हा पोस्टमनच्या नोकरीचाच भाग होता. निम्म्या गावाला वाचता येत नव्हतं आणि उरलेल्यांना कुणी विचारत नसे. त्यात पत्त्यावर लिहिलेलं होतं, 'पाझर तलावावरील समस्त वाचक मंडळी'. पोस्टमन सायकल बाभळीला टेकवून सरळ मंडळींमध्ये जाऊन उभा राहिला. मी हजेरीपटातून मान वर करेपर्यंत त्याने सुरुवात केली होती.

"'सप्रेम नमस्कार. आपले पत्र मिळाले. आपण उल्लेख केलेली विहीर आमच्या कथामालेत कोठेही आढळत नाही. नायकाने पाण्यासाठी किरणयंत्र वापरले होते. कृपया मागील अंक पुन्हा वाचावेत. पोपटाविषयीची आपली नापसंती लेखकांना कळवली आहे.'"

पोस्टमनने कार्ड उलटून मागे काही आहे का बघितलं. नव्हतं. त्याने ते आबांच्या हातात दिलं आणि निघून गेला.

मी "त्याचं असं झालं" एवढंच तीनदा म्हणालो.

"किरनयंत्र," आबा म्हणाले. "तवा तुमी म्हनला बिघडलं."

"हो."

"त्ये बिघडलं नव्हतं?"

"नव्हतं."

"मुरमाचं मी सांगितल्यालं, त्ये कळवलं हुतं?"

"नाही आबा."

मावशींनी माझ्याकडे ज्या नजरेने बघितलं ती नजर मी ओळखत होतो. महिन्याभरापूर्वी हीच नजर पोपटाला मिळाली होती. "आन मी लेकाला सांगितलं," त्या म्हणाल्या, "साहेब लई शिकल्याला हाय."

आबा मात्र कार्डाकडे बघत होते. वाचता येत नसतानाही ते बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिले. मग वर बघून पहिल्यांदाच मला अरेतुरे केलं. "म्हंजे विहीर तुजी."

"हो."

"मग सांग. पानी लागलं का?"

सुटकेची वाट एवढी सोपी असेल असं मला वाटलं नव्हतं. आता मालक मीच होतो. मी म्हणालो, "लागलं आबा. भरपूर लागलं."

"कुटं?"

"दहाव्या परसाला."

"खाली कसला दगड हुता?"

"काळा. एकसंध. कुठे फट नाही, चीर नाही. असा भक्कम दगड." आपण विहिरीची स्तुती करतोय असं मला वाटत होतं.

आबांनी हातातलं कार्ड दुमडून खिशात ठेवलं. "एकसंध काळ्या दगडात," ते सावकाश म्हणाले, "चीर न्हाई, फट न्हाई, आन पानी भरपूर. आरं, त्यो पोपटवाला परवडला. त्यानं हौद कुटनं भरला ते सांगितलंच न्हाई. तू सांगून खोटं बोलतूस."

"मग काय सांगू?"

"कोरडी गेली."

"पण आबा, पहारीला चिखल लागला होता."

"लागतो. वरचा वलावा आसतो, खाली काय नसतं. माज्या चार विहिरी गेल्या तशा. मालकाला त्वांडावर सांगावं लागतं." त्यांनी टोपी सारखी केली. "उद्या दुपारी समद्यांना सांग. जसं झालं तसं. पोपट घालू नगंस."

दुसऱ्या दिवशी दुपारी मी हातात अंक न धरता उभा राहिलो आणि सांगितलं. दहावा परस, काळा दगड, त्यात तीन दिवस सुरुंग, आणि खाली कोरडा भुगा. कॅप्टन वर आला, चार सोबत्यांसमोर उभा राहिला आणि त्याने सांगितलं की पाणी नाही. मी ते बरं सांगितलं असावं, निदान मला तसं वाटलं. सांगून झाल्यावर मी मंडळींकडे बघितलं.

"झालं?" मावशी म्हणाल्या.

"झालं."

"येवढं ऐकायला आमी इतकं म्हैने झोप घालवली व्हय?"

त्यांनी भाकरीचं फडकं झटकलं, पाटी उचलली आणि बांधाकडे निघाल्या. त्यांच्यामागे बाकीचे उठले. सगळ्यात शेवटी आबा उठले, माझ्याकडे एकदा बघून त्यांनी मान हलवली, शाबासकीची की कंटाळ्याची ते मला आजवर ठरवता आलेलं नाही, आणि तेही गेले. सुट्टी संपायला अजून चांगली वीस मिनिटं होती. नेमके त्याच वेळी तालुक्याचे मोठे साहेब जीपमधून तपासणीला आले. शिट्टी न वाजवता झाडून सगळी माणसं कामाला लागलेली त्यांनी याआधी कुठल्याच तलावावर पाहिलेली नव्हती. त्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली आणि शेरा-पुस्तकात माझ्याबद्दल दोन चांगल्या ओळी लिहिल्या.