खेकड्याची दृष्ट

माझा मुलगा लहान असताना आमच्या राई गावातली पोरं चित्रांच्या पुस्तकांची एक मालिका वाचायची. त्यातला दुष्ट माणूस अर्धा खेकडा होता. आडवा चालायचा, म्हणून कुणाला पकडायला धावला की भलतीकडेच जायचा. दर पुस्तकात त्याची फजिती. खाडीकाठच्या पोरांना तर हसायला आणखीच कारण. चिंबोरी आमच्या कालवणात असायची, तिला कोण भिणार? मी चौथी शिकलेली, मीही वाचून हसले होते.

आता माझी नात चित्रं काढते. तिच्या कंपनीने तोच खेकडा परत आणायचं ठरवलं आणि काम तिच्याकडे दिलं. या वेळी वाचणाऱ्याला भीती वाटली पाहिजे, पुन्हा हसं झालं तर दुसरी नोकरी बघ, असं साहेबाने तिला तोंडावर सांगितलं. तिने त्याला सुळे लावले, दंड फुगवले, डोळे लाल केले. काढायची आणि स्वतःच हसायची. मग जेवायची नाही.

एका संध्याकाळी ती लॅपटॉप मांडीवर घेऊन तशीच बसली होती. दिवा लावून झाल्यावर मी तिची दृष्ट काढायला घेतली. मुठीत मीठ, मोहरी, सुक्या मिरच्या. लॅपटॉप बाजूला ठेव म्हटलं तर ऐकेना. मूठ तिच्यावरून फिरली, तशी पडद्यावरच्या खेकड्यावरूनही फिरली.

सगळं तापल्या तव्यावर टाकलं. मिरच्या काळ्या पडल्या, धूर झाला. ठसका कुणालाच लागला नाही. दृष्ट लागलेली असली की मिरची जळल्याचा वास येत नाही, हे आमच्यात पोरासोरांनाही ठाऊक. पण एवढ्या मिरच्यांना शेजारची बिल्डिंग खोकायला हवी होती. इतकी गप्प मिरची मी कधी पाहिली नव्हती.

"आजी, मला एवढी दृष्ट लागलीये?"

"तुला कोन बघतंय? दिसभर घरात तर बसतेस. ही त्याची हाय."

"त्याची? त्याला कोण नजर लावणार?"

"सगली हसली ना त्याला. येवढी वर्सं."

ती हसली नाही. तिने पडद्यावरच्या खेकड्याकडे पाहिलं. मग हळूच म्हणाली, "म्हणजे तो ऐकत होता."

तिने सुळे पुसले, दंड पुसले. जुना वेडाबागडा खेकडा होता तसाच ठेवला. फक्त त्याला धावायला लावलं नाही. पुस्तकातली माणसं त्याच्या फजितीच्या गोष्टी सांगून हसतात आणि तो चित्राच्या कडेला आडवा उभा असतो, ऐकत. पुढच्या पानावर थोडा जवळ. बोलत काहीच नाही.

रविवारी चहा पिताना तिच्या बापाने ते पाहायला घेतलं. लहानपणी सगळ्यांत जास्त हसणारा तोच.

"अरे, हा तर आपला तोच येडा," म्हणाला आणि हसत पानं सरकवू लागला.

हसणं कुठल्या पानावर थांबलं ते मला कळलं नाही. त्याने मान वळवून मोरीच्या दाराकडे पाहिलं. तिथे कुणी नव्हतं. तरी उठला आणि दार लावून आला.

नातीने तेवढं पाहिलं आणि पुस्तक साहेबाला पाठवून दिलं.