घंटेची वर बांधलेली दोरी

मी टॉवेलच्या गठ्ठ्यावर चढले होते आणि घंटेची दोरी माझ्या हातात होती. ओढावी की सोडून द्यावी, ते ठरत नव्हतं. समोरच्या मागाच्या मोटारीतून धूर येत होता.

आमचा कारखाना अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत आहे. तिथले माग टॉवेल विणतात आणि मी चेकिंगला आहे. चेकिंग म्हणजे टॉवेल उजेडात धरायचा आणि तुटका धागा, डाग, भोक बघायचं. खराब निघालेल्या मालाला सेकंड म्हणतात. आम्हा बायकांची बसायची जागा अगदी मागच्या भिंतीला आहे. बाहेर जायचं तर सगळ्या मागांमधून जावं लागतं, दुसरं दार नाही. मागांच्या आवाजात ओरडलेलं कुणाला ऐकू जात नाही, म्हणून दारावर पितळी घंटा आहे. तिची दोरी छताखालून आमच्या भिंतीपर्यंत येते. घंटा वाजली की दारातला माणूस मेन स्विच पाडतो आणि सगळे माग एकदम थांबतात.

पण जॉबरशिवाय घंटेला कुणी हात लावायचा नाही, असा नियम भिंतीवर लावलेला होता. जॉबर म्हणजे माग लावून देणारा, दुरुस्त करणारा माणूस. चालता माग मध्येच बंद पडला की पुन्हा सुरू करताना कापडावर आडवी पट्टी उमटते. ती धुऊनही जात नाही. एकदा घंटा वाजली की प्रत्येक मागावरचा टॉवेल सेकंडला जातो. म्हणून दोरी वर खुंटीला गुंडाळून ठेवलेली असायची, कुणाचा हात पोचू नये अशी.

आमचे जॉबर नरसय्यामामा तेव्हा चहाला गेले होते. मोटारीखाली सुताची रुई साचली होती. रुई कशी पेटते ते मी लहानपणी पाहिलं आहे. मी दोरी ओढली.

माग थांबले. एवढी शांतता मी त्या जागेत कधी ऐकली नव्हती. सगळे माझ्याकडे बघत होते आणि मी अजून गठ्ठ्यावरच होते.

नरसय्यामामा पळत आले. मोटारीखाली वाकून बघितलं.

"पट्टा घासलाय नुसता. आग कुटाय?" मग माझ्याकडे बघून म्हणाले, "काय वैनी, देवळात आल्यावानी वाजवली की!"

सगळे हसले. मला गठ्ठ्यावरून उतरता येईना.

दुसऱ्या दिवशी तेच टॉवेल माझ्यापुढे चेकिंगला आले. एकेक उचलायचा, पट्टी बघायची आणि सेकंडच्या ढिगात टाकायचा. माझ्याच हाताने. ढीग वाढत गेला. सुट्टीच्या वेळेला ऑफिसमधून कागद मिळाला. नियम मोडल्यामुळे कामावर येऊ नये. हरकत असल्यास शेठजींकडे अपील करावे.

मला चौथीपर्यंतचं वाचता येतं. कागद वाचला, पण अपील म्हटल्यावर अंगाला घाम सुटला. अपील म्हणजे कोर्ट, असंच मी ऐकत आले होते. कोर्ट म्हणजे पोलीस आणि वकील. घरात आमचे मालक, म्हणजे माझा नवरा, पाठीच्या दुखण्याने पडून आहेत. आमची चूल माझ्या कामावर पेटते. तरी मी ठरवलं, अपील करायचं नाही. दुसरीकडे काम बघायचं. पण घंटा वाजवणारी बाई म्हणून मला कोण घेईल, हा विचार सुटत नव्हता. झोप उडाली.

आमच्या शेजारचे कांबळेभाऊ सात रस्ता चौकात एका वकिलाकडे कारकून आहेत. मालकांनीच त्यांना बोलावलं. त्यांनी कागद वाचला आणि हसले.

"ताई, ह्यात भ्यायचं काय? अपील म्हणजे वरच्याला हाक मारायची. बाबा, ह्यांनी असं ठरवलंय, तू पुन्ना एकदा बघ. बस."

"कोर्टात?"

"कोर्टात पण करतेत. हितं शेठकडंच करायचंय. आन् नियमच चुकीचा असंल, तर तो काढून टाकत्यात. त्याला रिपील म्हणत्यात. सरकारनं एकादा कायदा रद्द केला, की साहेब म्हणतेत रिपील झाला."

मग त्यांना आठवण झाली. "घंटा लई जोरात घुमती ना, तिला पण इंग्रजीत पील म्हणत्यात. साहेबांच्या डिक्शनरीत बघितलंय मी. तिन्ही शब्दांचं मूळ एकच. हाक मारणं."

"मला हाक मारायला जमत न्हाय, भाऊ."

"मारली की! सगळा कारखाना थांबवला."

मी गेले. शेठजींच्या टेबलावर पट्टीचे टॉवेल रचून ठेवले होते. नरसय्यामामा बाजूला उभे होते.

"बोला, सुमनबाई," शेठजी म्हणाले.

मी टॉवेलांकडेच बघत राहिले.

"बरं, ऱ्हाऊ द्या. जुन्या आहात. पुन्हा घंटेला हात लावणार नाही म्हणा, आन् उद्यापासनं या."

एवढंच म्हणायचं होतं. तोंडही उघडलं होतं. पण मागची भिंत डोळ्यांपुढे आली, तिथे बसलेल्या बायका आणि मध्ये सगळे माग.

"म्हनते," मी म्हणाले. "पर खरंच पेटलं तर काय करू, ते सांगा."

माझा आवाज मलाच नीट ऐकू आला नाही. शेठजींनी नरसय्यामामांकडे पाहिलं.

"तुम्ही कुटं होता तवा?"

मामा जमिनीकडे बघत म्हणाले, "चहाला, शेठ."

शेठजींनी टॉवेल बाजूला सारले. "जा बाई, कामावर जा."

हात लावणार नाही असं माझ्याकडून त्यांनी पुन्हा मागितलं नाही. मीही थांबले नाही, मागे न बघता बाहेर पडले.

अपील मंजूर झालं, असं कांबळेभाऊ म्हणाले. नियम मात्र रद्द झाला नाही. नियमाचा कागद अजून भिंतीवर आहे. मी कामावर गेले त्या दिवशी मोटारीखालची रुई झाडलेली होती. आणि खुंटीवरची दोरी सोडून खाली आणलेली होती, बसल्या जागी हात पोचेल इतकी. कुणी सोडली, कुणी सांगितलं नाही. मीही विचारलं नाही.

लावलेला कागद खाली काढायला शेठजींना जड जातं. दोरी सोडायला जड जात नाही, एवढं मी त्यातून शिकले.

भीती गेलेली नाही. टॉवेल उजेडात धरते तेव्हा त्याच्या कडेवरून मोटार बघते, आणि मग दोरी जागेवर आहे का ते बघते.