केल्याशिवाय पुढची ओळ नाही

केळापूरच्या दवाखान्यातली एक दाई चाळिशीत वाचायला शिकली, माझ्याच हाताखाली. बायबलमधल्या शुभवर्तमानातली एक ओळ ती बोट ठेवून वाची आणि तसं वागून झाल्याशिवाय पुढच्या ओळीला हात लावत नसे. "केल्याबिगर पुढचं कायले वाचू, मास्तर?" मी मात्र दर रविवारी चर्चमध्ये अख्खे अध्याय घडाघडा वाचून दाखवी.

चर्चमधला मोठा कंदील माझ्या हातून फुटला होता. तिथली झाडलोटही तीच करी, म्हणून आळ तिच्यावर आला, आणि मी वर्षभर गप्प बसलो.

पिकाच्या सणाला सगळे अर्पण घेऊन चर्चमध्ये जात होते. तिने ज्वारीचं टोपलं दारातच ठेवलं आणि ती माझ्याकडे आली. "मास्तर, कंदील फोडताना म्या पाह्यलं होतं तुमाले. तवापासून तुमच्यावर दात खाऊन राह्यली. आधी भावाशी समेट, मंग अर्पण, असं वाचलं काल. माफ करा मले."

माफी तिने मागितली! मी भरल्या मंडळीसमोर मोठ्याने म्हणालो, "कंदील मी फोडला. हिने नाही."

ती खुदकन हसली. "मंग उचला आता टोपलं. लय जड हाय."

ते डोक्यावर घेऊन मी वेदीपर्यंत चालत गेलो. वर्षभर खाली घातलेली माझी मान त्या ओझ्याखाली ताठ होती.