मागून निघालं

देवळीत चंद्रभानभाऊंचं रेडिमेड कपड्यांचं दुकान माझ्या भांड्यांच्या दुकानाला लागून आहे, आणि घरही शेजारीच. दुकानात या माणसाचा शर्ट मी कधी बाहेर लोंबताना पाहिला नाही. मे महिन्यात आम्ही बाकीचे बनियनवर बसतो. भाऊ मात्र शर्ट पँटीत खोचून, पट्टा आवळून काउंटरला उभे. एखाद्या पोराने शर्ट घेतला की त्याला हुकूम सुटे, "आता इन्शर्ट करून दाखव." गाव त्यांना उगाच इन्शर्टभाऊ म्हणत नव्हतं.

या शब्दाचा अर्थ त्यांना विचारायची सोय नव्हती. "इन म्हंजे अंदर. शर्ट म्हंजे शर्ट. याच्यात समजाचं काय हाये?" इंग्रजी त्यांना एवढंच येई आणि एवढं पुरे, असा त्यांचा थाट.

तो थाट मोडला त्यांच्याच मुलीने. सुरभी सावंगीला नर्सिंग शिकायला गेली आणि पहिल्याच दिवाळीत घरी येऊन म्हणाली, "बाबा, तो शब्द इन्सर्ट हाये. म्हंजे आत घालनं. शर्ट खोचाले इंग्रज टक म्हंतात. आमी सुई इन्सर्ट करतो, नळी इन्सर्ट करतो." मोबाइलमध्ये पाहून तिने मूळही सांगितलं: शब्द लॅटिनमधून आला, इन म्हणजे आत, आणि पुढच्या तुकड्याचा अर्थ जोडणं, गुंफणं.

भाऊंनी स्वतःच्या शर्टाकडे पाहिलं. "म्हंजे शर्ट नाईच त्याच्यात?"

"नाई."

"मंग इंग्रजाचंच चुकलं."

मी तिथेच चहा पीत बसलो होतो; मला ठसका लागला.

भाऊ रोज सकाळी दुकानाला निघाले की भागीरथावहिनी दारापर्यंत येत आणि एकच वाक्य बोलत, "मांगून निघालं." मागे शर्टाचं टोक बाहेर आलेलं असायचंच. भाऊ हात मागे नेऊन ते खोचत आणि चालू लागत. सगळ्या गावाला इन्शर्ट शिकवणाऱ्याला स्वतःची मागची बाजू जमत नाही, म्हणून मी मनात हसायचो. म्हटलं, दिव्याखाली अंधार.

मागच्या हिवाळ्यात भाऊंना लकवा मारला. दवाखान्यात काही दिवस नाकातल्या नळीवर काढले. घरी आल्यावर ते काठी धरून चालू लागले, बोलणंही बरंचसं परत आलं, पण उजवा हात उठेना. एका हाताने शर्ट खोचून पट्टा आवळून पाहा, म्हणजे कळेल. भाऊंनी घराबाहेर पडणंच सोडलं. वहिनी मदतीला गेल्या की ते हात झटकत. मला त्यांचा राग येई, आणि फार वाईटही वाटे.

त्यात सुरभीच्या कॉलेजात नर्स होणाऱ्या मुलींचा शपथविधी आला. आईबापांनी समोर बसायचं होतं. भाऊ म्हणाले, "तुही माय येईन. मी नाई येत."

सुरभी आधी रडली, मग भडकली. "नाकात नळी घातली तवा अनोळखी नर्सले हात लावू देल्ला. मायले काऊन नाई?"

"तिथं मी पेशंट होतो," भाऊ खाली पाहत म्हणाले. "इथं मी नवरा हावो."

सुरभीने बॅग उचलली. ती एकटीच सावंगीला परत गेली.

शपथविधीच्या सकाळी वहिनींना न्यायला मी गाडी घेऊन गेलो. भाऊ बाजेवर बसलेले, शर्ट बाहेर. वहिनींनी काही विचारलं नाही. त्यांना उभं केलं, पट्टा सैल केला आणि समोरून शर्ट आत घालायला लागल्या. मी पाठ फिरवली. कान फिरवता येत नाहीत.

"मांगचं राहू दे," भाऊंचा आवाज आला.

"काऊन?"

"सारंच खोचलं तं तू दारात काय बोलशीन?"

पट्ट्याच्या बकलाचा आवाज थांबला. मग वहिनी म्हणाल्या, "म्हंजे तुमी रोज मुद्दाम ठेवत होते?"

"दिवसभर तुले कामातून फुरसत नाई. तेवढ्यापुरतं तरी पाह्यत होती माह्याकडं."

मी नाक पुसलं आणि गाडीचं दार उघडायला गेलो. ते दोघं हळूहळू आले. भाऊ उंबरठ्यावर थांबले आणि थांबूनच राहिले.

"मांगून निघालं," वहिनी म्हणाल्या.

भाऊंनी डावा हात मागे नेला. तो पोचला नाही. वहिनींनी ते टोक आत खोचलं, आणि भाऊंनी हात झटकला नाही.