खोक्यावरचं नाव
मार्करचं टोपण उघडलं आणि तो उग्र वास नाकात शिरला, की मला लोहाऱ्याच्या एसटी स्टँडसमोरच्या मोबाईलच्या दुकानातले जुने दिवस आठवतात. मी तेव्हा तिथं कामाला होते. सगळ्या फोनची नावं सारखीच, नुसते आकडे आणि प्रो-प्लस बदलायचे, म्हणून मी खोक्यांवर मार्करनं आमची नावं लिहायचे: ‘लई आवाज’, ‘उन्हात दिसतो’, ‘पडला तरी चालतो’. एकदा कंपनीचा माणूस नवा फोन घेऊन आला आणि खोकी बघून भडकला. “ताई, हे आधी पुसा. दुकानात कंपनीचंच नाव चालणार!” तेवढ्यात मेंढरं राखणारी एक बाई आत आली. “पोरी, माझ्या जावंनं नेला तसला ‘लई आवाज’ दे. मेंढरांच्या गलक्यात ऐकू आला पायजे.” कंपनीच्या माणसानं लगेच आपला नवा फोन पुढं करून त्याचं लांबलचक नाव सांगितलं. “नाव ऱ्हाऊ द्या, वाजवून दावा,” म्हणत ती रस्ता ओलांडून जीपांच्या हॉर्नमध्ये जाऊन उभी राहिली. मी ‘लई आवाज’ वाजवला, तिचा हात वर गेला. मग त्यानं त्याचा वाजवला, पुन्हा वाजवला. ती कानावरचा पदर मागं सारून नुसती बघत राहिली. मी त्याच्या खोक्यावर, त्या सोनेरी नावावरच, ठळक लिहिलं: ‘रस्त्यापलीकडं ऐकू येत न्हाय’. मालक घाबरून “पुस, पुस” म्हणाले. मी पुसलं नाही. आता ते दुकान माझं आहे. कंपनीचं कुणी नवं नाव घेऊन आलं, की मी त्याला आधी रस्त्यापलीकडं उभं करते आणि मार्करचं टोपण उघडते.