एका विटेने मागे

"या घरात आता मोडायला फक्त माझं डोकं उरलंय," असं कप्तानांची बायको म्हणायची, आणि ते काही खोटं नव्हतं. बिजागऱ्या, पंखे, गीझर, सगळं कसं ठणठणीत! घरदुरुस्तीच्या ॲपवरून माणूस बोलावला की मोबाइलच्या पडद्यावरच्या महालाला एक वीट चढायची. कप्तान हा किताबही त्या ॲपनेच दिलेला, नाहीतर हे निवृत्त बसचालक. साठी बुद्धी नाठी म्हणतात, ते उगीच नाही.

ॲपवरच्या विटांच्या यादीत त्यांच्या वर एकच माणूस होता, लेकीचा सासरा. दोघं शाळेपासूनचे जिवलग. पण लग्नात कप्तान बिचारे पाहुण्यांच्या गाड्या लावून घेत होते, तेवढ्यात व्याह्यांनी घरच्यांचा फोटो उरकून टाकला. वधूच्या बापाशिवाय! तेव्हापासून बोलणं बंद. व्याह्यांची वीट चढली की कप्तानांच्या पोटात दुखायचं. आणि दोन दिवस नाही चढली, तर घास उतरायचा नाही. हे मात्र बायकोलाही सांगायची सोय नव्हती.

आज पहिल्या नंबरवाल्याच्या महालावर घुमट चढायचा होता आणि कप्तान व्याह्यांच्या एका विटेने मागे होते. मोडायला तर काहीच नाही. शेवटी त्यांनी स्वयंपाकघरातल्या नळाचा वॉशर काढून खिशात टाकला आणि प्लंबर बोलावला.

प्लंबरबाईंनी नळ खोलून पाहिला. "काका, वॉशर कुठंय?"

"झिजला असेल."

"झिजला तरी जागेवर राहतो. पाय फुटत नाहीत त्याला."

"यांच्या खिशात बघा," दारातून बायको म्हणाली.

बाई खो खो हसल्या. वॉशर जागच्या जागी बसवून म्हणाल्या, "पण वीट नाही मिळायची हं. 'काम झालं' असं मी दाबलं तरच ती चढते, आणि असल्या कामाला मी दाबत नाही. सकाळी त्या पहिल्या नंबरवाल्या काकांनाही नाहीच म्हटलं."

कप्तान ताडकन उठले. "म्हणजे त्यानेही?"

"चष्म्याच्या डबीत लपवला होता! वर मलाच विचारतात, कप्तानाकडे जाता का हो? चार दिवस त्याची वीट नाही, बरा आहे ना तो?"

फार आठवण यायची हो कप्तानांना त्याची. बायकोने व्याह्यांचा नंबर लावून फोन त्यांच्या हातात दिला.

"गाढवा," कप्तान म्हणाले, "चष्म्याच्या डबीत कोणी वॉशर ठेवतं का?"

पलीकडून आवाज आला, "तू कुठे ठेवला होतास?"

"खिशात."

"दिवे लावलेस! आणि ऐक, त्या फोटोचं माझं चुकलंच रे."

कप्तानांनी नळाकडे पाहिलं. एक थेंबसुद्धा पडत नव्हता.

"ते राहू दे," ते म्हणाले. "माझा नळ गळतोय. लगेच ये."