कांद्याच्या गोंड्यांवरचे हात

कंपनीतून सुटले, तर महाळुंग्याच्या रस्त्यावर कांद्याच्या फुलांचा तोच उग्र, गोडसर वास आला.

मी गावी शेतात राबायचे, त्या एका वर्षी बियाण्याच्या कांद्याला पांढरे गोंडे आले, पण वावरात एकही मधमाशी घुमत नव्हती. बी धरावं म्हणून आम्हीच गोंड्यांवरून तळहात फिरवत होतो.

"शेजारच्या तात्यानंच औषध मारलं असणार, म्हणून माश्या मेल्या," माझे आबा पुटपुटले. "जा, बघून ये."

माघातच ऊन चैत्रासारखं भाजत होतं, हे आज आठवतं. तेव्हा आमचे डोळे फक्त बांधापलीकडे लागलेले.

मी बांधावर गेले. तात्याही आपल्या वावरातल्या गोंड्यांवरून हात फिरवत होते. मला बघताच थबकले.

"खरं सांग पोरी," डोळे बारीक करून म्हणाले, "तुमी काय फवारलंय?"